क्ष कुठून कुठपर्यंत, ते आधी आकृतीला विचारा

नुसती वर्ग-असमानता (म्हणजे क्ष² असलेली, ≤ किंवा ≥ ची) बहुतेक मुलांना सोडवता येते. अवयव पाडतात, संख्यारेषा काढतात, अधिक-उणे चिन्हं लावतात, झालं. पण तीच असमानता कुंपणाच्या, ट्रेच्या नाहीतर त्रिकोणाच्या वेशात आली की उत्तर चुकतं. चुकतं तेही शेवटच्या ओळीत, सगळी आकडेमोड बरोबर करून. पेपर तपासणाऱ्यालाही वाईट वाटावं अशी ही चूक आहे.

मी तासगावात अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांच्या शिकवण्या घेते. त्याआधी एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंगच्या कामाला होते. तिथली सवय अजून आहे: आकृती काढल्याशिवाय आणि तिच्यावर मापं टाकल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही. या प्रकारच्या उदाहरणांत ही सवय निम्मं काम करते. उरलेलं निम्मं बीजगणित, आणि ते तुम्हाला येतंच.

समीकरण आणि असमानता यांत फरक एवढाच, की समीकरणाचं उत्तर एखाद-दुसरी संख्या असते आणि असमानतेचं उत्तर संख्यारेषेवरचा पट्टा असतो. संख्या चालत नसेल तर लगेच कळतं. लांबी उणे आली की कोणीही खोडतो. पट्ट्याचं तसं नाही. त्याचा अर्धा भाग चालतो, अर्धा चालत नाही, आणि कापायचा कुठे हे असमानता सांगत नाही. ते आकृती सांगते.

शेळ्यांचं आवार

गोठ्याच्या भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती आवार करायचं आहे. एका बाजूला भिंत आहेच, उरलेल्या तीन बाजूंना जाळी मारायची. जाळी ४० मीटर आहे आणि सगळी वापरायची आहे. भिंत २४ मीटर लांब. आवार भिंतीच्या टोकांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. क्षेत्रफळ किमान १५० चौरस मीटर हवं, तर आवार भिंतीपासून किती मीटर बाहेर काढता येईल?

आधी आकृती. भिंत जाड रेघेने काढा. भिंतीपासून बाहेर येणाऱ्या दोन बाजू, त्या प्रत्येकी क्ष मीटर. भिंतीला समांतर बाजूला उरली ४० − २क्ष मीटर. ही दोन्ही मापं आकृतीवरच लिहा, शेजारी नको. शेजारी लिहिलेलं माप दोन ओळींनंतर कोणत्या बाजूचं ते आठवत नाही.

आता क्षेत्रफळाला हात लावायच्या आधी थांबा आणि आकृतीकडे बघून क्षच्या हद्दी लिहा. क्ष ही लांबी आहे, म्हणून क्ष > ०. समोरची बाजूही लांबीच आहे, म्हणून ४० − २क्ष > ०, म्हणजे क्ष < २०. आणि ती बाजू भिंतीपेक्षा लांब नको:

४० − २क्ष ≤ २४
−२क्ष ≤ −१६
क्ष ≥ ८

शेवटच्या पायरीत −२ ने भागलं म्हणून चिन्ह फिरलं. तिन्ही अटी एकत्र केल्या की ८ ≤ क्ष < २०. ही ओळ पानाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून ठेवायची. माझ्या वर्गात तिचं नाव ‘हद्द’ आहे, आणि ती नसेल तर मी पुढचं वाचत नाही.

मग क्षेत्रफळ. ‘किमान १५०’ म्हणजे १५० चालेल, जास्तही चालेल:

क्ष(४० − २क्ष) ≥ १५०
४०क्ष − २क्ष² ≥ १५०
−२क्ष² + ४०क्ष − १५० ≥ ०

क्ष² चा सहगुणक उणे असेल तर तो ताबडतोब धन करून घ्या. उणे ठेवूनही उत्तर येतं, पण चिन्हांचा गोंधळ व्हायला तेवढं एकच कारण पुरतं. −२ ने भागा, चिन्ह फिरवा:

क्ष² − २०क्ष + ७५ ≤ ०
(क्ष − ५)(क्ष − १५) ≤ ०

मुळं ५ आणि १५. ही दोन टोकं संख्यारेषेचे तीन तुकडे करतात. कोणता तुकडा चालतो ते बघायला मधली एखादी सोपी संख्या घाला: क्ष = १० घेतलं तर १०० − २०० + ७५ = −२५, उणे. हवं ते मिळालं, म्हणजे मधला तुकडा: ५ ≤ क्ष ≤ १५.

याचं कारण एकदा डोळ्यांसमोर आणून ठेवलं की प्रत्येक वेळी संख्या घालून बघायला लागत नाही. क्ष² चा सहगुणक धन असेल तर आलेख सुलट्या वाटीसारखा असतो. मुळं म्हणजे वाटीने जमीन जिथे ओलांडली त्या दोन जागा. दोन मुळांच्या मध्ये वाटी जमिनीखाली, बाहेर जमिनीच्या वर. म्हणून ‘≤ ०’ असेल तर मधला पट्टा, ‘≥ ०’ असेल तर बाहेरचे दोन. सहगुणक आधी धन करून घ्या म्हटलं ते याचसाठी, म्हणजे एकच चित्र लक्षात ठेवावं लागतं.

बहुतेक मुलं ५ ≤ क्ष ≤ १५ लिहून पेन खाली ठेवतात. आता कोपऱ्यातली चौकट बघा. तिथे ८ ≤ क्ष < २० आहे. दोन संख्यारेषा एकाखाली एक काढा, वरच्या रेषेवर ५ ते १५, खालच्या रेषेवर ८ ते २०, आणि दोन्हींवर जाड झालेला भाग घ्या:

८ ≤ क्ष ≤ १५

म्हणजे आवार भिंतीपासून ८ ते १५ मीटर बाहेर येईल आणि समोरची बाजू २४ ते १० मीटर राहील. डावं टोक भिंतीने ठरवलं, उजवं क्षेत्रफळाने. क्ष = ७ घालून बघा: क्षेत्रफळ ७ × २६ = १८२, भरपूर झालं, पण समोरची बाजू २६ मीटर झाली आणि भिंत संपली. क्ष = १६ घातलं तर बाजू ८ मीटर, क्षेत्रफळ १२८, कमी पडलं. टोकांच्या जरा बाहेरच्या संख्या घालून पाहणं ही मला सगळ्यात उपयोगी पडताळणी वाटते. टोकाच्या आतलं बरोबर येणारच असतं. बाहेरचं चुकतंय ना, आणि का चुकतंय, ते बघायचं.

गुंठ्यातून निघणारी युक्ती

अवयव पाडण्याच्या आधी आणखी एक रस्ता आहे, आणि आयताच्या उदाहरणांत मला तोच जास्त आवडतो.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, कारण ३३ × ३३. चौरस गुंठ्याची परिमिती १३२ फूट. आता समजा कोणी म्हणालं, की हा तुकडा चौरस नाही, लांबट आहे, पण भोवतालून टेप फिरवली तर १३२ फूट भरतो, म्हणजे गुंठाच. मोजून बघू. ४० फूट लांब, २६ फूट रुंद: परिमिती १३२, क्षेत्रफळ १०४०. गुंठ्याला ४९ चौरस फूट कमी.

हे ४९ कुठून आलं? ४० म्हणजे ३३ + ७ आणि २६ म्हणजे ३३ − ७. गुणाकार ३३² − ७². बाजू चौरसापासून ७ फुटांनी सरकली आणि बरोबर ७ चा वर्ग गेला.

परिमिती ठरलेली असेल तेव्हा हे नेहमी असंच घडतं. अर्ध्या परिमितीचा मध्य म (इथे ६६ चा मध्य ३३), आणि बाजू मध्यापासून जितकी सरकली ते अंतर द, तर

क्षेत्रफळ = (म + द)(म − द) = म² − द²

युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये दुसऱ्या पुस्तकाचं पाचवं विधान हेच आहे, फक्त तिथे अक्षरं नाहीत, रेषेचे तुकडे आणि त्यांच्यावर उभे केलेले आयत आहेत.

आता प्रश्न असा करू: परिमिती १३२ फूट, क्षेत्रफळ १०८० चौरस फुटांपेक्षा कमी नको. रुंदी किती ठेवता येईल? नेहमीच्या रस्त्याने गेलं तर क्ष(६६ − क्ष) ≥ १०८०, म्हणजे क्ष² − ६६क्ष + १०८० ≤ ०, आणि मग १०८० चे असे अवयव शोधत बसायचं ज्यांची बेरीज ६६ येईल. या रस्त्याने:

१०८९ − द² ≥ १०८०
द² ≤ ९
द ≤ ३

रुंदी ३३ पासून ३ फुटांपेक्षा जास्त सरकता कामा नये. म्हणजे बाजू ३० ते ३६. संपलं. ३० × ३६ = १०८० हेही जुळतं. तीन फूट सरकूनही फक्त ९ चौरस फूट जातात, आणि सात फूट सरकलं की ४९. चौरसाच्या आसपास क्षेत्रफळ फारसं हलत नाही, लांब गेलं की झपाट्याने घसरतं. हे क्ष² − ६६क्ष + १०८० कडे बघून कोणाला दिसतं?

इथे एक खड्डा आहे. मी द म्हणजे अंतर घेतलं, अंतर धनच असतं, म्हणून द ≤ ३ एवढं लिहून चाललं. पण तुम्ही क्ष ठेवून पूर्ण वर्ग केलात, तर ओळ येते (क्ष − ३३)² ≤ ९, आणि इथे बरीच मुलं वर्गमूळ घेऊन क्ष − ३३ ≤ ३, क्ष ≤ ३६ लिहितात. खालची बाजू गायब. बरोबर ओळ अशी: −३ ≤ क्ष − ३३ ≤ ३. वर्गातून बाहेर येताना दोन टोकं घेऊनच यायचं.

याच रस्त्याने अशक्य उदाहरणंही पटकन ओळखता येतात. ४० मीटर जाळीत चारही बाजू बंद करून १२० चौरस मीटरचा आयत मागितला, तर १०० − द² ≥ १२० हवं, म्हणजे द² ≤ −२०. असं द नाही. विवेचक काढला तरी तेच कळतं: क्ष² − २०क्ष + १२० चा विवेचक ४०० − ४८० = −८०, मूळच नाही, वाटी जमिनीला टेकतच नाही, मग जमिनीखाली कशी जाणार? ‘अशी रचना शक्य नाही, कारण ४० मीटरमध्ये जास्तीत जास्त १०० चौरस मीटर मिळतात’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘उत्तर नाही’ एवढं लिहून सोडू नका, कारण लिहा. आणि विवेचक ऋण आला म्हणजे आपलंच चुकलं असं समजून पहिल्यापासून पुन्हा सुरू करू नका. आकडे एकदा तपासा आणि विश्वास ठेवा.

मुळं पूर्णांक नसली तर

पुस्तकातल्या उदाहरणांत मुळं बहुधा गुळगुळीत येतात. प्रत्यक्षात येत नाहीत. त्याच ४० मीटरच्या बंद आयतात किमान ९० चौरस मीटर हवं असेल तर द² ≤ १०, द ≤ ३.१६२…, म्हणजे क्ष साधारण ६.८३८ ते १३.१६२.

एक दशांश स्थळापर्यंत उत्तर मागितलं तर हात आपोआप ६.८ ते १३.२ लिहितो. पण ६.८ × १३.२ = ८९.७६. नव्वद झाले नाहीत! असमानतेत जवळच्या संख्येकडे नाही, पट्ट्याच्या आतल्या बाजूला वळायचं: खालचं टोक वर, वरचं टोक खाली. ६.९ ते १३.१. पडताळा, ६.९ × १३.१ = ९०.३९, ठीक. ड्रॉइंग काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कारण तिथे माप कमी पडलं की साइटवरून फोन येतो. गणिताच्या वहीतून फोन येत नाही, म्हणून लक्षात ठेवा.

ऋण मूळ आणि भास्कराचार्यांची माकडं

ग्रामपंचायतीच्या बागेत २० मीटर × १५ मीटरचा हिरवळीचा आयत आहे. त्याच्या भोवती सगळीकडून सारख्या रुंदीची वाट करायची. पेव्हर ब्लॉक ११४ चौरस मीटर पुरतील एवढेच आहेत. वाट जास्तीत जास्त किती रुंद?

वाटेची रुंदी क्ष. बाहेरचा आयत (२० + २क्ष) बाय (१५ + २क्ष). इथे २क्ष ऐवजी क्ष लिहिण्याची चूक इतकी होते, की मी मुलांना आकृतीत डावीकडे एक क्ष आणि उजवीकडे एक क्ष असे दोन बाण काढायलाच लावते. हद्द: क्ष > ०. वरच्या टोकाला आकृतीची काही अट नाही.

(२० + २क्ष)(१५ + २क्ष) − ३०० ≤ ११४
४क्ष² + ७०क्ष − ११४ ≤ ०
२क्ष² + ३५क्ष − ५७ ≤ ०

अवयव पडतात, पण शोधायला वेळ जातो. इथे श्रीधराचार्य या जुन्या भारतीय गणितज्ञांची रीत वापरा: क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने सगळं गुणायचं. सहगुणक २, चौपट ८. आठ धन आहे, म्हणून चिन्ह फिरत नाही.

१६क्ष² + २८०क्ष ≤ ४५६

दोन्हीकडे मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, ३५² = १२२५:

(४क्ष + ३५)² ≤ १६८१
−४१ ≤ ४क्ष + ३५ ≤ ४१
−१९ ≤ क्ष ≤ १.५

कुठेही अपूर्णांक आला नाही. नेहमीच्या पूर्ण वर्ग पद्धतीत ३५/४ चा वर्ग करत बसावं लागलं असतं. (सहगुणक ऋण असेल तर आधी तो धन करा, मग ही रीत, नाहीतर ऋण संख्येने गुणून चिन्ह फिरवायचं राहून जातं.)

हद्दीशी जुळवलं की ० < क्ष ≤ १.५. वाट जास्तीत जास्त दीड मीटर. पडताळा: २३ × १८ = ४१४, वजा ३००, बरोबर ११४.

‘मॅडम, −१९ चं काय करायचं?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. काही नाही करायचं, हद्दीबाहेर आहे. हा निर्णय गणिताबाहेरचा वाटतो, पण तो फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याचा वर्ग, एवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. तर कळप किती? समीकरण मांडलं तर ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. दोन्ही धन! पण ५ घेतलं, तर पाचवा भाग १, त्यातून तीन गेले की −२. वर्ग केला की ४ येतो आणि समीकरण खुशाल जुळतं, पण उणे दोन माकडं म्हणजे काय? भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घ्यायचं नाही, कारण प्रत्यक्षातल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तिथल्या मुलांनीही हाच प्रश्न विचारला असणार.

या उदाहरणातली खरी गोम अशी, की मूळ धन आहे म्हणून ते चालेलच असं नाही. क्ष धन असतो आणि आतलं एखादं माप ऋण होऊन बसलेलं असतं. तेच पुढच्या उदाहरणात.

पत्र्याचा ट्रे

५० सेंमी × ४० सेंमीचा पत्रा. चारही कोपऱ्यांतून क्ष सेंमी बाजूचे चौरस कापायचे, कडा वर वळवायच्या, ट्रे तयार. तळाचं क्षेत्रफळ किमान १२०० चौरस सेंमी हवं आणि ट्रे किमान ३ सेंमी खोल हवा.

हद्द आधी. तळाची लांबी ५० − २क्ष, रुंदी ४० − २क्ष, दोन्ही धन हव्यात. पहिलीतून क्ष < २५, दुसरीतून क्ष < २०; कडक अट घ्यायची, म्हणजे २०. खोली क्ष एवढीच, म्हणून क्ष ≥ ३. चौकटीत: ३ ≤ क्ष < २०.

(५० − २क्ष)(४० − २क्ष) ≥ १२००
४क्ष² − १८०क्ष + ८०० ≥ ०
क्ष² − ४५क्ष + २०० ≥ ०
(क्ष − ५)(क्ष − ४०) ≥ ०

चिन्ह ‘≥ ०’, म्हणून मुळांच्या बाहेरचे दोन पट्टे: क्ष ≤ ५ किंवा क्ष ≥ ४०. चौकटीशी जुळवा: ३ ≤ क्ष ≤ ५.

क्ष ≥ ४० हा पट्टा आला तरी कुठून? ४० घालून बघा. लांबी ५० − ८० = −३०, रुंदी ४० − ८० = −४०, गुणाकार १२००, धन! दोन उण्यांनी मिळून अट पुरी केली. बीजगणिताच्या दृष्टीने यात काही गैर नाही. पत्र्यातून ४० सेंमीचे चार चौरस कापायला पत्राच उरत नाही, हे फक्त आकृतीला माहीत आहे. म्हणून नुसतं ‘क्ष > ०’ लिहून हद्द झाली असं समजू नका. आकृतीवरच्या प्रत्येक मापाला विचारा, तू धन आहेस ना?

त्रिकोणात लपलेली अट

क्ष, क्ष + १, क्ष + २ या बाजूंचा त्रिकोण विशालकोन केव्हा होईल?

सगळ्यात मोठ्या बाजूचा वर्ग बाकीच्या दोघींच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. पायथागोरसची बरोबरी मोडून एका बाजूला झुकली, एवढंच:

क्ष² + (क्ष + १)² < (क्ष + २)²
क्ष² − २क्ष − ३ < ०
(क्ष − ३)(क्ष + १) < ०

म्हणजे −१ < क्ष < ३. ऋण भाग कापून ० < क्ष < ३ असं उत्तर बहुतेक जण देतात. आता क्ष = ०.५ घ्या. बाजू ०.५, १.५, २.५. पहिल्या दोन मिळून २, तिसरी २.५. या काड्या एकमेकींना पोचतच नाहीत, त्रिकोण कसला? दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी हवी:

क्ष + (क्ष + १) > क्ष + २, म्हणजे क्ष > १

उत्तर १ < क्ष < ३. क्ष = ३ ला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण होतो, म्हणून तो काठ वगळला; क्ष = १ ला १, २, ३ बाजू आडव्या पडतात, तोही वगळला. पूर्णांक बाजू मागितल्या तर एकच त्रिकोण उरतो, २-३-४.

सगळ्या मापांना ‘धन आहेस ना’ विचारलं तरी ही अट सापडली नसती. त्रिकोण आला की बाजूंची अट हद्दीत लिहायचीच, प्रश्नात तिचा उल्लेख असो वा नसो. वर्तुळ असेल तर जीवा व्यासापेक्षा मोठी नको. काटकोन त्रिकोण असेल तर कर्ण सगळ्यात मोठा. प्रश्न काढणारा हे गृहीत धरतो.

काठ धरायचा की सोडायचा, याबद्दल दोन शब्द. किमान, कमाल, जास्तीत जास्त, ‘पेक्षा कमी नसावे’, ‘पेक्षा अधिक नाही’ यांत काठ धरायचा. नुसतं ‘पेक्षा जास्त’, ‘पेक्षा कमी’ असेल तर सोडायचा. ‘पेक्षा कमी नसावे’ वाचून ‘<’ लिहिणारे दर बॅचला असतात; ‘कमी’ हा शब्द दिसला की हात पुढे धावतो. वाक्य पूर्ण वाचा. हद्दीतला ० मात्र कायम सोडायचा, शून्य लांबीचा आयत नसतो.

सरावाला

चार देते. प्रत्येकात आधी आकृती, मग हद्द, मग असमानता.

त्रिकोणाचा पाया उंचीपेक्षा ४ सेंमीने जास्त आहे आणि क्षेत्रफळ कमाल ४८ चौरस सेंमी. उंची किती असू शकते? उत्तर: शून्यापेक्षा जास्त, ८ सेंमीपर्यंत.

३ मीटर त्रिज्येच्या विहिरीभोवती क्ष मीटर रुंदीचा गोल कट्टा, कट्ट्याचं क्षेत्रफळ १६π चौरस मीटरपेक्षा अधिक नाही. कंस सोडवू नका, (३ + क्ष)² ≤ २५ असंच ठेवा. उत्तर: ० < क्ष ≤ २.

आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त, कर्ण १३ मीटरपेक्षा मोठा नको. रुंदी किती? उत्तर: शून्यापेक्षा जास्त, ५ मीटरपर्यंत.

६० मीटर जाळीत आयताकृती आवार, मध्ये एक आडवी जाळी घालून दोन सारखे कप्पे. मधली जाळी धरून क्ष लांबीच्या तीन बाजू होतात, उरलेल्या दोन बाजू प्रत्येकी (६० − ३क्ष)/२. एकूण क्षेत्रफळ किमान १२६ चौरस मीटर हवं आणि या दोन बाजू प्रत्येकी किमान १२ मीटर हव्यात. क्षेत्रफळाची अट ६ ते १४ देते. तुमचं उत्तर १४ वर थांबलं असेल तर चौकट पुन्हा बघा, ते १२ वर थांबायला हवं.